पाय ओढणं

लातूर जिल्हा झाला आणि दोन वर्षांत पाऊस रुसला, असं सिद्रामप्पांच्या गल्लीत सगळे म्हणायचे. जणू पाऊस उस्मानाबादेतच नोकरीला राहिला होता आणि त्याची बदली इकडे झालीच नव्हती. जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर साहेब आले, साहेबांबरोबर त्यांच्या बायका आल्या आणि बायकांबरोबर इंग्रजी आलं. बाकीचं सगळं शिवकांतानं खपवून घेतलं असतं. इंग्रजी मात्र तिच्या मुळावर आलं.

कारण तोवर त्या घरात इंग्रजी म्हणजे शिवकांता, असा हिशेब होता. तिचे सासरे सिद्रामप्पा भुसार मालाचे जुने आडते. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. बोली लावण्यात आणि माणूस ओळखण्यात ते कुणाला ऐकायचे नाहीत, पण इंग्रजी अक्षर दिसलं की चष्मा काढून बाजूला ठेवायचे आणि आत हाक मारायचे, "शिवकांता, हे काय म्हनतंय बघ." मग ती औषधाची बाटली असो, नाहीतर सोलापूरहून आलेली तार असो. शिवकांता पदराला हात पुसत बाहेर यायची, वाचायची आणि अर्थ सांगायची. अर्थ ऐकून सासरे मान हलवायचे आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवायचे.

ती मुखेडच्या मडिवाळप्पा किराणावाल्याची लेक. मॅट्रिकला इंग्रजीत पास झाली होती आणि गाइडातले वाक्प्रचार अर्थासकट तिला तोंडपाठ होते. व्हाइट एलिफंट म्हणजे पोसायला जड जाणारी गोष्ट, ब्लू मून म्हणजे क्वचित केव्हातरी. आता मुखेडच्या बाजारात काय किंवा लातूरच्या आडतीवर काय, पांढरा हत्ती विचारायला कोण येतो? पण ट्रंकेच्या तळाशी चांदीची वाटी असावी तसे ते वाक्प्रचार तिच्यापाशी होते, आणि आहेत एवढं तिला पुरायचं. सासूबाई लक्ष्मम्मा शेजारणींना सांगायच्या, "आमच्या थोरलीला समदं येतंय." शिवकांताची सगळी इस्टेट म्हणजे हे एक वाक्य. नवरा रेवणप्पा बापासमोर तोंड न उघडणारा, स्वयंपाकघर सासूच्या ताब्यात, देवघर सासऱ्यांच्या. घरात तिला काही विचारलं जायचं ते एवढ्या एकाच गोष्टीसाठी.

जिल्हा झाल्यावर सिद्रामप्पांनी वरचा मजला भाड्यानं दिला. भाडेकरू म्हणून पिल्लैसाहेब आले, केरळातले, भूजल खात्याचे. औसा म्हणू नका, रेणापूर म्हणू नका, उन्हातान्हात हिंडून बोअर कुठं मारायची ते दाखवणं हे त्यांचं काम. त्यांच्या बायकोला मराठी येत नव्हतं आणि हिंदी नावालाच. पहिल्या दिवशी जिन्याच्या पायरीवर उभं राहून शिवकांतानंच त्यांना घराचा कायदा सांगितला होता: "नो फिश, नो मीट, नो एग." पिल्लैबाई हसून "ओके, ओके" म्हणाल्या होत्या. लक्ष्मम्मांनी त्या दिवशी थोरल्या सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. एवढा मान शिवकांताला परत कधी मिळाला नाही, कारण पुढच्याच महिन्यात धाकट्या विरूपाक्षचं लग्न झालं आणि महानंदा घरात आली.

महानंदा नांदेडची. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. दिसायला शिवकांतापेक्षा काही फार उजवी नव्हती, स्वयंपाकात तर डावीच. भाकरी थापली की कडा फाटायच्या. हे शिवकांतानं पहिल्या आठवड्यातच हेरून ठेवलं होतं आणि जिवाला तेवढाच आधार होता. पण पिल्लैबाई पाण्याची घागर घ्यायला खाली उतरल्या आणि महानंदा त्यांच्याशी बोलायला लागली, तेव्हा शिवकांताच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. ही बाई वाचत नव्हती, आठवत नव्हती, अर्थ लावत नव्हती. ती नुसती बोलत होती. मध्येच दोघी हसत होत्या. इंग्रजीत हसता येतं हे शिवकांताला माहीतच नव्हतं. तिच्या गाइडात तसं कुठंच लिहिलं नव्हतं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून ती दाराआड उभी राहून कान द्यायची. शब्द कळायचे आणि वाक्य निसटायचं. समजलं नाही तर नाही, पण शब्द न् शब्द समजून वाक्य हाती लागू नये, याच्यासारखा छळ नाही. मनातल्या मनात ती सूड घ्यायची. म्हणायची, ह्या बाईला मी विचारते, डोक्यावर मिरे वाटणं म्हणजे काय गं? डोळे पांढरे होणं म्हणजे काय? बघू दे डोळ्याच्या डॉक्टरकडं जाती का. पण हे तिला इंग्रजीत विचारता येत नव्हतं, म्हणून सूड तिथंच राहायचा.

आणि मग ते टँकरचं झालं. परसातला हातपंप फाल्गुनातच कोरडा पडला होता. आठवड्यातून एकदा-दोनदा नगरपालिकेचा टँकर गल्लीच्या तोंडाशी यायचा, आणि ज्याला पुरायचं नाही तो खाजगी टँकरचं पाणी विकत घ्यायचा. पाण्याच्या साहेबाच्या घरात पाणी नाही, म्हणून गल्ली पिल्लैसाहेबांची थट्टा करायची. एका सकाळी पिल्लैबाई रिकामी बादली घेऊन खाली आल्या. महानंदा न्हाणीत होती. शिवकांतानं संधी साधली, पुढं होऊन विचारलं, "वॉटर?" पिल्लैबाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "माय गॉड, वॉटर इज कॉस्टिंग अस अॅन आर्म अँड अ लेग!"

शिवकांतानं ऐकलं: पाणी. एक हात. एक पाय. मधला शब्द घरंगळून गेला, पण बाईंचा कपाळावरचा हात तिनं पाहिला होता आणि देवाचं नावही ऐकलं होतं. तिनं आत जाऊन सासूला सांगितलं की टँकरखाली कुणाचातरी हात आणि पाय गेलाय. लक्ष्मम्मा हळदीचा डबा आणि जुनं धोतर घेऊन अनवाणी धावल्या. त्यांच्यामागं शेजारची केवळाबाई, तिच्यामागं निम्मी गल्ली. टँकरवाला नरसिंग नुकताच गाडी लावून बिडी पेटवत होता. बायका "कुठाय, कुठाय" करत आल्यावर तोही घाबरला आणि खाली वाकून चाकं तपासायला लागला. सगळी चाकं झाली, कुणी सापडेना. तेवढ्यात ओल्या केसांनी महानंदा आली. तिनं पिल्लैबाईंना विचारलं, आणि मग सगळ्यांना समजावून सांगितलं की हात-पाय कुणाचा गेला नाही, इंग्रजीत एखादी वस्तू फार महाग पडली की असं म्हणायची रीत आहे.

गल्ली जी हसली ती आठवडाभर हसत राहिली. कांदा घ्यायला गेलं तरी बायका विचारायच्या, "काय गं, हात द्यायचा का पाय?" एकटी महानंदा तेवढी हसली नाही. ती संध्याकाळी शिवकांताजवळ बसून म्हणाली की अक्का, मलाही कॉलेजात पहिल्या वर्षी असंच व्हायचं, शब्दावर जायचं नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं. तिनं हे मायेनंच सांगितलं. हसली असती तर शिवकांतानं चार दिवसांत विसरून टाकलं असतं. माया तिला विसरता येईना.

खरा घाव तर पुढंच होता. दुसऱ्या दिवशी विजेच्या कचेरीतून काहीतरी इंग्रजी कागद आला. सिद्रामप्पांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. शिवकांता आतून पदराला हात पुसतच निघाली होती. उंबऱ्यापाशी आली तोच हाक ऐकू आली, "महानंदा, हे काय म्हनतंय बघ." ती उंबऱ्यातच थांबली. मग उगाचच कोपऱ्यातला झाडू उचलून ओसरी झाडायला लागली. ओसरी सकाळीच झाडलेली होती.

त्यानंतर घरात तिला कुणी काही विचारलं नाही. सासऱ्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. चांगला मापाडी मिळाला की माणूस त्याच्याकडून माप घेतो, इतका साधा त्यांचा हिशेब. पण शिवकांताला वाटायचं, आपल्या ताटातली भाकरी कुणीतरी आपल्यादेखत उचलली आणि वर आपल्याला पाणी विचारलं. महानंदाचं बोलणं, तिचं चालणं, तिनं "अक्का" म्हणून मारलेली हाक, सगळं तिच्या पोटात दुखायला लागलं. आरशात कुंकू लावताना तिला स्वतःचे डोळे दिसायचे आणि ती पटकन मान वळवायची.

त्याच दिवसांत साहेबलोकांच्या पोरांसाठी इंग्रजी शाळा निघाली. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या आणि शिकवायला माणूस नव्हतं. पिल्लैबाईंचा तिथं वशिला होता. महानंदानं त्यांना आपलं नाव सुचवायला सांगितलं. घरात ही गोष्ट निघाली तेव्हा लक्ष्मम्मांनी नाक मुरडलं, पण सिद्रामप्पा म्हणाले की बोलावणं येऊ द्या, मग बघू. मग महानंदाचे डोळे जिन्याकडं लागले.

बोलावणं आलं ते नेमकं ती चुलतबहिणीच्या बारशाला नांदेडला गेली असताना. शुक्रवारी दुपारी पिल्लैबाई पेटी घेऊन खाली उतरल्या. हैदराबादला बहिणीचं बाळंतपण होतं, त्यांना गाडी गाठायची होती. घरात शिवकांताशिवाय कुणी नव्हतं. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि लहान पोराला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं: "टेल महानंदा. मंडे. टेन ओ क्लॉक. स्कूल. हेडमिस्ट्रेस विल सी हर." त्यात हात नव्हता, पाय नव्हता, हत्ती नव्हता. शिवकांताला पहिल्यांदाच पिल्लैबाईंचं अख्खं बोलणं कळलं.

ती "येस" म्हणाली. बाई रिक्षात बसून गेल्या.

संध्याकाळी महानंदा आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "अक्का, वरच्या बाई काही बोलल्या का, शाळेचं?" शिवकांता चुलीपुढं बसली होती. तिनं मागं न बघता सांगितलं, "न्हाई."

तिनं काही आधीपासून ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. मग रात्रभर ती स्वतःची समजूत घालत राहिली. आपल्याला कुठं इंग्रजी कळतं? हात-पाय ऐकून आपण गल्ली पळवली. मंडे म्हणजे सोमवारच कशावरून? त्याचाही काही निराळा अर्थ असंल. आपण काहीतरी सांगायचं आणि परत हसं करून घ्यायचं, त्यापेक्षा गप्प बसलेलं काय वाईट? ज्या अडाणीपणावर सगळे हसले होते, तोच आता तिला पांघरायला कामी आला. रविवारी महानंदानं परत विचारलं, बाईंनी जाताना काही निरोप ठेवला का म्हणून. शिवकांता म्हणाली, "न्हाई म्हनलं की एकदा."

सोमवारी महानंदा ओसरीत ज्वारी निवडत बसली होती. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले. शिवकांता ठोके ऐकत उभी राहिली. ठोके संपले, महानंदानं सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला आणि काहीच झालं नाही. इतकं सोपं असतं होय, असं शिवकांताला वाटलं. थोडा आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच तिला शिसारी आली.

मग ती धाकट्या जावेशी गोड वागायला लागली. तिच्या केसांना तेल लावायची, तिच्या वाटणीची भांडी घासायची. महानंदा बाईंच्या वाटेकडं डोळे लावून बसली की विषय दुसरीकडं न्यायची. एकदा महानंदा म्हणाली, बाई हैदराबादहून परस्पर गावी तर नाही ना जाणार? त्यावर शिवकांतानं चेहरा गंभीर करून सांगितलं की गेल्या तर पावसाळाभर यायच्या नाहीत, त्यांच्या गावाला इतका पाऊस पडतो की लोक घराला दोरखंड बांधून झाडाला आवळून ठेवतात, नाहीतर घर वाहून जातं. बाईंनीच मला सांगितलं, म्हणाली. महानंदा दुष्काळी मुलखात वाढलेली. पावसाबद्दल तिला कुणी काहीही सांगितलं असतं तरी खरं वाटलं असतं. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली.

पुढं एका रविवारी सकाळी पिल्लैबाई परत आल्या. त्या दिवशी टँकर यायचा होता, म्हणून सगळं घर अंगणात होतं. सिद्रामप्पा पूजा आटोपून कपाळाला भस्म लावून ओसरीच्या काठावर बसले होते. लक्ष्मम्मा घागरी मांडत होत्या. रिक्षा थांबली आणि बाई उतरल्या. आता ही विचारणार, सोमवारी का आली नाहीस. आता उलगडणार सगळं. शिवकांता तुळशीमागं सरकली.

पण पिल्लैबाईंनी शाळेचं नाव काढलं नाही. त्यांनी हैदराबादचं सांगितलं, बहिणीला मुलगा झाल्याचं सांगितलं, आणि महानंदानं मध्येच हौसेनं विचारलं की तुमच्या गावाला घरं दोरीनं बांधतात हे खरं का? बाईंना आधी समजेना. मग महानंदानं तुळशीकडं बोट दाखवलं की अक्का म्हणाल्या. त्याबरोबर पिल्लैबाई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. शिवकांताकडं हात करून त्या म्हणाल्या, "महानंदा, शी वॉज पुलिंग युवर लेग! ऑल दीज डेज शी वॉज पुलिंग युवर लेग!"

शिवकांताला शब्द न् शब्द कळला. ती. ओढत होती. तुझा पाय. इतके दिवस. यातला एकही शब्द घरंगळला नाही, आणि अर्थासाठी गाइड उघडायची गरज नव्हती. मुखेडला काय, लातूरला काय, वर चढणाऱ्या माणसाला खाली खेचलं की त्याला पाय ओढणं म्हणतात. शेंबड्या पोराला कळतं. बाईला सगळं ठाऊक होतं तर. आणि हसत हसत, सगळ्यांदेखत, तिच्याकडं हात करून सांगत होती.

"मी कुणाचे पाय ओढले न्हाईत," शिवकांता तुळशीमागून बाहेर आली. तिचा आवाज चिरका झाला होता. "एक सोमवारचा निरोप सांगितला न्हाई, तर लगेच पाय ओढले व्हय? आन् हिला काय कमी पडलंय? समदं तर हिलाच इचारतेत."

लक्ष्मम्मांच्या हातातली घागर खाली टेकली. महानंदा हळूच म्हणाली, "कोणता सोमवार?"

पिल्लैबाई एकीकडून दुसरीकडं बघत होत्या. महानंदानं त्यांना इंग्रजीत काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. शिवकांता कान देऊन ऐकत होती आणि भीतीनं तिचा कान तिखट झाला होता. मंडे कॅन्सल झाला होता. हेडमिस्ट्रेसला ताप आला होता, तसं त्यांचं पत्र बाईंना हैदराबादला मिळालं होतं. उद्या ये, असं बाई सांगत होत्या. म्हणजे काहीच बिघडलं नव्हतं. तिनं तोंड मिटून ठेवलं असतं तर कुणाला कधी कळलंच नसतं. मग बाईंनी तिच्याकडं बघून काळजीनं विचारलं की हिला काय झालं, आणि महानंदा म्हणाली, "नथिंग. शी फरगॉट टु टेल मी. शी इज फीलिंग बॅड."

मग महानंदा सासू-सासऱ्यांकडं वळली. म्हणाली की इंग्रजीत पाय ओढणं म्हणजे थट्टा करणं. बाई एवढंच म्हणत होत्या की अक्कांनी दोरीचं सांगून माझी थट्टा केली. "अक्का निरोप सांगायचं विसरल्या, आणि त्यांना उगंच मनाला लागलं. दुसरं काही नाही."

थट्टा. शिवकांताच्या कानात तो शब्द घणासारखा पडला. तिच्यावर कुणी आळ घेतलाच नव्हता. तिनं आपल्या हातानं आपलं घोंगडं चव्हाट्यावर आणून धुतलं होतं. आणि आता ही पोरगी, ही भाकरीला कडा नसलेली बी.ए., तिच्यावर पांघरूण घालत होती. सगळ्यांना पटलंही होतं. लक्ष्मम्मा सुस्कारा टाकून परत घागरी मांडायला लागल्या. अजून एक श्वास गप्प राहिली असती तर शिवकांता सुटली असती.

पण सुटायचं कुणाच्या मेहेरबानीनं? जन्मभर हिच्यासमोर मान खाली घालायची? हिनं इंग्रजीत श्रेष्ठ असावं, सासऱ्यांच्या मर्जीत श्रेष्ठ असावं, आणि आता चांगुलपणातही हिनंच श्रेष्ठ ठरावं? ते काही शिवकांताला सोसवेना. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. जळून जळून ती जे बोलली ते बोलली.

"म्या इसरले नव्हते," ती सासऱ्यांना म्हणाली. "बाईनं धडधडीत सांगितलं होतं, मला समदं कळलं होतं. म्या मुद्दाम सांगितलं न्हाई. हिनं दोनदा इचारलं, दोन्ही बारी न्हाई म्हनलं."

लक्ष्मम्मांनी तोंडाला पदर लावला. म्हातारा आता काय करतो, माहेरी पाठवतो की काय, या भीतीनं शिवकांता त्यांच्याकडं बघत राहिली. पण सिद्रामप्पा तिच्याशी बोललेच नाहीत. ते महानंदाकडं वळले.

"ती इसरली न्हाई, हे तुला ठावं होतं?"

महानंदानं मान खाली घातली. "हाव मामा. मी विचारलं होतं ना दोनदा. माझ्या लक्षात आलं लगेच."

"मग त्या बाईला आन् आमाला, दोगांनाबी इसरली म्हनून का सांगितलंस?"

"अक्कांची लाज राहावी म्हणून."

सिद्रामप्पांनी हळूहळू मान हलवली. त्यांचं सगळं आयुष्य विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये बसण्यात गेलं होतं. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव सांगायचा, आणि इकडच्या बोटांनी जे सांगितलं तेच तिकडच्या बोटांना सांगायचं, ना कमी ना जास्त. कुणाचं भलं व्हावं म्हणून जरी मधल्या माणसानं बोल फिरवला, तरी बाजार त्याला दुसऱ्यांदा मध्ये बसवत नाही. या एका नियमावर त्यांनी आडत उभी केली होती. घरासाठी त्यांच्याकडं दुसरा नियम नव्हता.

"शिवकांतानं वंगाळ केलं," ते म्हणाले. "लई वंगाळ केलं. पर केलं ते जसंच्या तसं आपल्या तोंडानं सांगितलं. तू भल्यासाठी केलंस, मला कळतंय. पर तू बोल बदललास, महानंदा. आज चांगल्यासाठी बदललास, उद्याचं कुणाला ठावं? आमाला तर इंग्रजी येत न्हाई. आमी काय समजायचं? उद्या तू शाळेत जा. खुशाल शिकीव. आमची ना न्हाई. पर ह्या घरात कुनी काय म्हनलं, ते आता शिवकांताच सांगंल."

पिल्लैबाई अजून पायरीवरच बसल्या होत्या. त्यांनी सवयीनं महानंदाकडं बघून विचारलं, "व्हॉट इज ही सेइंग?" महानंदा गप्पच राहिली. सिद्रामप्पांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"शिवकांता," ते म्हणाले, "बाई काय म्हनतेत बघ. आन् सांग त्यास्नी."

शिवकांता पदराला हात पुसत पुढं झाली. बाईंना काय सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात तिची नजर महानंदाकडं गेली. उद्यापासून मास्तरीण होणारी ती पोरगी घागरींपाशी उभी होती. ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या, आणि डोळे शिवकांताच्या तोंडावर रोखलेले. ते डोळे शिवकांताला चांगले ओळखीचे होते. आरशात कुंकू लावताना रोज दिसायचे. त्या नजरेचा अर्थ तिला कुणी सांगावा लागला नाही.

आणि खोटं कशाला बोला, शिवकांताला लई दिवसांनी बरं वाटलं.